गाडीचे फूल होते तेव्हा : कळव्याचा वसंत, लोकल आणि बघण्याची समीक्षा

सौंदर्य म्हणजे काय, हा प्रश्न आपण एरवी ग्रंथांतून बघतो. आज तो रुळांवर आणायचा आहे, आणि तोही आपल्या कळव्याच्या रुळांवर.

विषय असा. फेब्रुवारी सरत आला की आपल्याकडे एक चित्रप्रकार बहराला येतो. तुमच्या फोनवर तो आला असेलच. पुढे गुलाबी फुलांची एक डहाळी, जरा धूसर. मागे वळण घेत येणारी लोकल. आणि खाली ओळ : मुंबईचा चेरी ब्लॉसम. कधी छायाचित्र असते, कधी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. ती काढण्यासाठी माणसे खास सहली काढतात, पहाटे उठतात, कोणती गाडी किती वाजता येते याची टिपणे ठेवतात. आपण या चित्राची समीक्षा करणार आहोत. कवितेची करतो तशीच, गंभीरपणे. कारण घरोघरी जे पाहिले जाते त्याची समीक्षा कोणी करत नाही, आणि जे फारसे कोणी वाचत नाही त्यावर मात्र ढीगभर लेख निघतात. हे काही बरोबर नाही, नाही का?

आधी नावापासून सुरुवात करू. नावात काय आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र तसे म्हणू नये.

ज्या झाडाला आपण चेरी म्हणतो आहोत ते चेरी नाही. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या बाजूला ज्याची रांग फुलते, त्याचे नाव टॅबेबुया रोझिया. मूळचा मध्य अमेरिकेकडचा वृक्ष; एल साल्वादोर देशाचा तर तो राष्ट्रीय वृक्ष आहे. फुलायच्या आधी पाने गाळतो, म्हणून सगळे झाड गुलाबी दिसते. फूल कर्ण्यासारखे. चेरी गुलाबाच्या कुळातली, आणि हा आपल्या टेटूच्या कुळातला. म्हणजे नाते जोडायचेच झाले तर ते जपानपेक्षा आपल्या रानातल्या टेटूशी जवळचे आहे. त्या टेटूच्या लांबलचक तलवारीसारख्या शेंगा तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील.

आता, झाड परदेशी आहे म्हणून आमची तक्रार नाही. गुलमोहरही मादागास्करचा, आणि आपण त्याला पूर्ण आपले मानले आहे. त्याला मराठी नाव दिले, त्याच्या सावलीत परीक्षेचे निकाल पाहिले. परदेशी पाहुण्याला आपले नाव देणे हा एक प्रकार झाला. दारात आलेल्या पाहुण्याला तिसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारणे हा दुसरा. टॅबेबुयाला चेरी म्हणताना आपण झाडाकडे बघतच नाही. आपण कुठेतरी पाहिलेल्या दुसऱ्या चित्राकडे बघत असतो, आणि समोरचे झाड त्या चित्रात बसते का एवढेच तपासतो. बसले की खूश. हा पहिला मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लोकलच्या बाबतीतही हेच होणार आहे.

आता चित्राच्या अंगाने बघू. इथे आपल्याला मर्ढेकरांची मदत घेता येईल. बा. सी. मर्ढेकर कवी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. पण 1955 साली त्यांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ हे पुस्तक आले, आणि मराठी सौंदर्यविचाराला त्याने एक भक्कम चौकट दिली. थोडक्यात त्यांचे म्हणणे असे, की कलाकृतीचे सौंदर्य तिच्यातल्या घटकांच्या लयबद्ध रचनेत असते. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे. विषय काय आहे, उपयोग काय आहे, हे सारे बाजूला. रंगाचे रंगाशी, रेषेचे रेषेशी नाते काय, ते बघा.

त्या मोजपट्टीवर आपले चित्र पास होते, आणि चांगल्या गुणांनी पास होते. पांढऱ्या-जांभळ्या लोकलचा जांभळा पट्टा आणि फुलांचा गुलाबी, हा संवाद. लोखंडाची सरळ कणखर रेषा आणि डहाळीची वाकडी नाजूक रेषा, हा विरोध. एका बाजूला गाडीचे वजन, दुसऱ्या बाजूला मोकळे आकाश किंवा खाडीचे पाणी, हा समतोल. गाडी वळणावर असेल तर आणखीच बहार. सगळे डबे एका नजरेत येतात आणि पोलादाची गाडी कमानीसारखी वाकते. यात खोटे काही नाही. ज्याला हे दिसत नाही त्याला डोळे नाहीत असे आम्ही म्हणू. समीक्षकाने दोष दाखवण्याआधी गुण मान्य करावेत, हा आमच्या पिढीचा रिवाज आहे, आणि तो मोडावा असे आम्हाला वाटत नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण कांटने दाखवून ठेवली आहे, 1790 साली. तेव्हा आगगाडी नव्हती; पण फूल होते. ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये कांट दोन प्रकारच्या सौंदर्यात फरक करतो. एक स्वतंत्र सौंदर्य, दुसरे अवलंबी सौंदर्य. स्वतंत्र सौंदर्याचे त्याचे लाडके उदाहरण म्हणजे फूल. फूल सुंदर वाटायला, फूल कशासाठी असते हे ठाऊक असावे लागत नाही. ते झाडाचे प्रजननाचे अंग आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञाला माहीत असते. पण सौंदर्याचा आस्वाद घेताना तोसुद्धा ते ज्ञान बाजूला ठेवतो. अवलंबी सौंदर्याची उदाहरणे म्हणजे घोडा, चर्च, राजवाडा, माणूस. ही वस्तू काय आहे, कशासाठी आहे, ती कशी असायला हवी, याची कल्पना तिथे आधी लागते, आणि सौंदर्य त्या कल्पनेला धरून चालते. जे वेलबुट्टीचे काम भिंतीवर शोभेल ते चर्चवर शोभेलच असे नाही.

आता सांगा, लोकल कुठल्या बाजूला?

उघड आहे, दुसऱ्या. लोकल ही कशासाठी तरी आहे. ती माणसे नेण्यासाठी आहे. 16 एप्रिल 1853 रोजी, म्हणजे वसंतातच, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली; चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेले. म्हणजे आपल्या या पट्ट्याने देशातली जवळजवळ पहिली आगगाडी पाहिली आहे. लोक बघायला जमले होते. जुन्या आठवणींत तिला ‘चाक्या म्हसोबा’ म्हटलेले सापडते. भीती होती, नवल होते. पण ती काहीतरी नेते आहे, कुठेतरी नेते आहे, हे कोणाच्या मनातून गेलेले नव्हते.

आपल्या गुलाबी चित्रात काय होते? फूल आणि गाडी एका चौकटीत येतात, आणि फुलाचा न्याय गाडीला लावला जातो. फूल कशासाठी आहे ते विचारायचे नसते; मग गाडीबद्दलही तो प्रश्न गळून पडतो. ती फुलासारखी फुलते, दिसते, निघून जाते. आम्ही याला गाडीचे फूल होणे म्हणतो. या चित्रप्रकाराबद्दल आमचे मुख्य म्हणणे हेच आहे. रंग-रेषांची संगती उत्तम आहे. पण एका अवलंबी सौंदर्याला स्वतंत्र सौंदर्याचा मुखवटा घातला आहे, आणि त्यामुळे जे दिसायला हवे ते दिसेनासे झाले आहे.

यावर कोणी म्हणेल, की अहो, सर, गाड्या बघणाऱ्या पोरांना हे सगळे ठाऊक असते! बरोबर. इथे आम्हाला त्या मंडळींची बाजू घ्यायची आहे. गाड्यांचे जे खरे नादी आहेत ना, ते या दोषातून बरेचसे सुटलेले असतात. कसे ते बघा.

त्यांच्याशी दहा मिनिटे बोला. ते तुम्हाला सांगतील की ही सीमेन्सची रेक, ही बंबार्डियरची, ही मेधाची. डोळे मिटून मोटरच्या आवाजावरून सांगतील. त्यांना ठाऊक असते की 1925 साली 3 फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती पंधराशे व्होल्टच्या डीसी विजेवर, आणि आता सगळीकडे पंचवीस हजार व्होल्टची एसी वीज आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये हार्बरवर डीसीवरची लोकल शेवटची धावली, तेव्हा यांच्यातले काही हळवे झाले होते. एक्क्याण्णव वर्षांची वीज गेली. हे हळवे होणे फुलाबद्दलचे नाही. ते यंत्राबद्दलचे आहे, त्याच्या कामाबद्दलचे आहे. ज्याला गाडी कशी चालते हे माहीत आहे त्याला ती जास्त सुंदर दिसते, कमी नाही. म्हणजे अवलंबी सौंदर्य हे दुय्यम दर्जाचे सौंदर्य आहे हा समज टाकून द्यायला हवा. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव दाखवले, आणि सौंदर्याच्या संकल्पनेला ते दोन्ही लागतात असे सांगितले. फलाटाच्या टोकाला वही घेऊन उभा असलेला पोरगा त्या दोन्ही ध्रुवांवर एकाच वेळी उभा असतो. त्याला हे ठाऊक नसते, ती गोष्ट वेगळी.

जपानमध्ये तर या नादाचे प्रकार पाडलेले आहेत. छायाचित्रे काढणारे ते तोरी-तेत्सु, प्रवास करणारे ते नोरी-तेत्सु, आवाज ध्वनिमुद्रित करणारे ते ओतो-तेत्सु. आपल्याकडे बहुतेक सगळेच पहिल्या प्रकारात जायला निघाले आहेत, आणि गंमत म्हणजे आपण सगळे जन्माने दुसऱ्या प्रकारातले! कळव्याच्या माणसाला प्रवास करणारा नादी व्हायला वेगळे काही करावे लागत नाही. पास काढला की झाले.

जपानचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू. ज्याची नक्कल करायची त्याचे मूळ तरी समजून घ्यावे. तिथे चेरी आणि गाडी यांची जोडी वरवरची नाही. 1872 साली शिम्बाशी ते योकोहामा पहिली गाडी सुरू झाली, आणि छापचित्रकारांनी लगेच तिची चित्रे काढायला घेतली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे रुळांच्या कडेला, स्टेशनांच्या आवारात लोकांनी चेरीची झाडे लावली आणि जपली. इशिकावा प्रांतातले नोतो-काशिमा हे छोटेसे स्टेशन तर नोतोचे साकुरा-स्टेशन म्हणूनच ओळखले जाते. फूल आणि गाडी तिथे एकाच जागी आहेत, कारण गावाने दोघांनाही आपले मानले. आणि मग त्या जोडीला अर्थ येतो. बहर आठवडा-दोन आठवडे टिकतो. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो, त्याचे अंदाज वर्तवले जातात, जवळजवळ वेळापत्रकासारखे. गाडी वेळेवर येते आणि जाते. फूल वेळेवर येते आणि जाते. अठराव्या शतकातल्या मोतोओरी नोरिनागा या विद्वानाने ‘मोनो नो आवारे’ या कल्पनेला मध्यवर्ती स्थान दिले. वस्तूंच्या जाण्याने मनात जो हळवा कंप उठतो, तो. त्या कंपाला गाडी शोभते.

अर्थात तिथेही सगळे आलबेल नाही. चित्राच्या मोहात रुळांजवळ घुसणे, गर्दी करून इतरांची अडचण करणे, यावरून तोरी-तेत्सुंना तिथल्या लोकांचे बोल खावे लागतात. नाद कुठलाही असो, चौकटीच्या बाहेरची माणसे विसरली की तो बिघडतो.

आता आपली बाजू. आपण मूळ जोडीतले दोन्ही अर्थ वगळून फक्त रंग उचलला. आपली गुलाबी झाडे महामार्गाच्या कडेला आहेत, रुळांच्या नाही. त्यांना एका चौकटीत आणायला लांब भिंग लागते आणि कसरत लागते. आणि गाडी जाताना मनात हळवा कंप उठतो म्हणावे, तर कळव्याच्या फलाटावर गाडी निघून जाताना जो कंप उठतो तो वेगळ्या जातीचा असतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्यात जपानी काव्य काही नसते.

आता येतो आमच्या सगळ्यात अवघड मुद्द्यावर. अंतराचा मुद्दा.

1912 साली एडवर्ड बुलो या विचारवंताने एक निबंध लिहिला. त्याचे उदाहरण असे : समुद्रात जहाज आहे आणि दाट धुके पडले आहे. प्रवाशाच्या दृष्टीने ते संकट. उशीर, भीती, कान टवकारून बसणे. पण तोच प्रवासी क्षणभर मनाने बाजूला झाला, तर तेच धुके त्याला विलक्षण सुंदर दिसू शकते. दुधासारखा पडदा, सगळ्या जगापासून तुटल्याची जाणीव. या बाजूला होण्याला बुलो मानसिक अंतर म्हणतो. अंतर फार कमी झाले तर आस्वाद नाही, फार वाढले तरी नाही.

पण एक गोष्ट नीट बघा. बुलोचा माणूस जहाजावर आहे. तो त्याच धुक्यात आहे. संकट त्याचे स्वतःचे आहे, आणि त्याच्याशी झगडत तो अंतर कमावतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या सज्जात बसून धुके बघणाऱ्याला अंतर कमवावे लागत नाही, ते त्याला फुकट मिळालेले असते. आमच्या मते हा फरक नैतिक आहेच, पण तो आधी सौंदर्याचा आहे. कमावलेले अंतर आणि फुकटचे अंतर यांतून सारखेच चित्र निघत नाही.

कांटचेही एक उदाहरण इथे आठवते. समोर राजवाडा आहे. कोणी म्हणेल, गरिबांच्या घामावर असल्या फुकाच्या गोष्टी बांधल्या. कांट म्हणतो, हे सगळे मान्य करता येईल. पण आत्ता प्रश्न एवढाच आहे, की हा राजवाडा नुसता बघताना सुखावतो की नाही. हे उत्तर राजवाड्यापुरते एक वेळ चालून जाईल, कारण घाम वाळलेला आहे, बांधणारे केव्हाच गेले. लोकलचे तसे नाही. तिचा घाम आत्ता, या मिनिटाला, डब्यात चालू आहे.

कळव्याची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. ठाण्याच्या पुढचे हे पहिलेच स्टेशन. 2022 पर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात. 1916 साली खुला झालेला, सव्वा-दीड किलोमीटरच्या आतबाहेरचा बोगदा. धिम्या गाड्या खाडीकडेने कळवा-मुंब्रा करत जातात. बहुतेक फास्ट गाड्यांसाठी कळवा हे एक जाता जाता दिसणारे दृश्य आहे, स्टेशन नाही. आणि स्लो गाडी इथे येते ती मागची सगळी स्टेशने पोटात घेऊन. मग कळवेकर काय करतो? इथे कारशेड आहे. सकाळी तिथून रिकामी निघणारी गाडी गाठायला माणसे कारशेडकडे चालत जातात. 2022 च्या ऑगस्टमध्ये कारशेडमधून निघणारी गाडी वातानुकूलित झाली तेव्हा प्रवाशांनी ती अडवली, आणि त्याच महिन्यात बदलापूरपर्यंत असंतोष पसरल्यावर मध्य रेल्वेने दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. चकचकीत, बंद दारांची, चित्रात अतिशय देखणी दिसणारी गाडी. पण ज्याच्या खिशात साधा पास आहे त्याच्यासाठी ती गाडी म्हणजे एक गेलेली गाडी.

आणि वळण. आम्ही मघाशी म्हणालो की वळणावरची लोकल चित्रात बहार आणते. दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर 9 जून 2025 च्या सकाळी दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दोन्हींच्या दारांत माणसे लटकलेली होती. ती खाली पडली, आणि त्यांतली काही दगावली. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. आम्ही हे कोणाला अपराधी वाटावे म्हणून सांगत नाही. सांगतो ते याकरिता, की चित्रातली जी रेषा आपल्याला मोहवते तिच्यात ती माणसे एक घटक आहेत. दारातून बाहेर आलेली ती गर्दी नसती तर गाडीची कड इतकी जिवंत दिसली नसती. मर्ढेकरांच्या भाषेत ती लयीचा भाग झाली आहे. जिवंत माणूस लयीचा भाग होतो तेव्हा समीक्षकाने थांबून विचारायला हवे, की हे त्याला विचारून झाले आहे का?

यावर एक सोपे उत्तर आहे, आणि ते आम्हाला मान्य नाही. सोपे उत्तर असे, की मग लोकलमध्ये सौंदर्य बघूच नये, ते पाप आहे. छे! असे म्हणणाऱ्याने कळव्याच्या प्रवाशाकडून आणखी एक गोष्ट काढून घेतली. बसायला जागा नाही, दाराशी हवा नाही, आणि आता सुंदर काही बघण्याची मुभाही नाही. आम्ही हे मान्य करणार नाही. खाडीवरून गाडी जाते तेव्हा दारातला माणूस पाण्याकडे बघतो. कांदळवन, त्यामागे पारसिकचा डोंगर, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीत उतरणारे रोहित. ते गुलाबी कुणीही आयात केलेले नाही बरं का, ते आपले आपण येतात. 2015 साली या खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दारातल्या माणसाचे ते बघणे म्हणजे बुलोचे अस्सल अंतर. धुक्यात उभे राहून कमावलेले.

प्रश्न असा की हे बघणे चित्रात आणता येते का? येते. दोन चित्रपटांकडे बघू.

पहिला, सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’, 1955 सालचा. त्यातला आगगाडीचा प्रसंग कुणाला माहीत नाही? अपू आणि दुर्गा, पांढऱ्या काशफुलांचे रान, आणि पलीकडून जाणारी गाडी. म्हणजे फूल आणि गाडी एका चौकटीत. आपल्या गुलाबी चित्राचा हा थोर पूर्वज. ऋतू वसंताचा नाही, शरदाचा. ही फुले किती क्षणिक असतात त्याचा अनुभव रायबाबूंनाही आला : थोडे चित्रीकरण करून पुढच्या आठवड्यात ते परत गेले तर गुरांनी ती फुले फस्त केलेली, आणि उरलेल्यासाठी पुढच्या वर्षाच्या बहराची वाट पाहावी लागली. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. गाडी येते तेव्हा कॅमेरा रुळांच्या पलीकडे जातो, आणि धावत्या चाकांच्या फटींतून आपल्याला अपू दिसतो. म्हणजे राय आपल्याला गाडी दाखवताना गाडी बघणारा दाखवतात. त्या मुलाला गाडी म्हणजे काय आहे, तिच्याबरोबर काय जाणार आहे, हे त्या फटींतून दिसते. त्यामुळे गाडीचे फूल होत नाही, आणि फुलांची सजावट होत नाही.

दुसरा, निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’, 2005 सालचा. हा आपल्याच मार्गावरचा. इथे फूल नाही, बहर नाही. माधव आपटे नावाच्या माणसाचा रोजचा दिवस, रोजची गाडी, आणि एक दिवस त्याचा तुटलेला बांध. लोकल बाहेरून सुंदर दाखवण्याचा मोह या चित्रपटाला फारसा नाही. ती आतून दाखवली आहे. पण आम्हाला यातही एक उणीव जाणवते. आतून बघताना लोकल ही केवळ यातना होऊन बसते. सकाळी जिन्यावरून इंडिकेटर वाचणारा, डब्यातली आपली टोळी ओळखणारा, भजनाचा ठेका धरणारा, खाडीवर वारा आला की डोळे मिटणारा जो प्रवासी, त्याचे सुख त्या चित्रात पुरेसे उतरत नाही. गुलाबी चित्राने यातना वगळली. या चित्राने सुख कमी केले. तरीही दोन्हींत निवड करायचीच झाली तर आम्ही डोंबिवलीची फास्ट पकडू, जरी ती कळव्याला थांबत नसली तरी.

मग चांगले चित्र कसे असेल? समीक्षकाने पाककृती देऊ नये. पण तीन प्रश्न देता येतील. वसंतात जी तरुण मंडळी कॅमेरा घेऊन निघतात त्यांनी ते स्वतःला विचारावेत.

पहिला : मी जे बघतो आहे त्याचे नाव मला माहीत आहे का? झाडाचेही आणि गाडीचेही. रेकचा प्रकार सांगता येतो, मग झाडाचे नाव का येऊ नये? आणि येऊरच्या रानात याच दिवसांत पळस, काटेसावर फुललेले असतात; पुढे बहावा येतो. त्यांना कुठल्याही देशाची उपमा लागत नाही.

दुसरा : ही गाडी काय काम करते आहे हे माझ्या चित्रात कुठेतरी आहे का? गर्दी दाखवाच असे आमचे म्हणणे नाही. रिकाम्या फलाटावरचे एक विसरलेले डब्याचे फडकेसुद्धा ते सांगू शकेल. पण गाडी ही कुणालातरी घेऊन चालली आहे ही जाणीव चित्रातून पुसली जाऊ नये.

तिसरा : मी कुठे उभा आहे? याचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही घ्या. साधा अर्थ असा, की रुळांवर उभे राहू नका. रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमाने तो गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी गाडीला फूल समजणारा माणूस तिच्या वेगाला फसतो, हे आमच्या आजच्या सिद्धांताचे अगदी व्यवहारी टोक आहे. फूल अंगावर येत नाही. गाडी येते. दुसरा अर्थ असा, की माझे अंतर कमावलेले आहे की फुकटचे? एक दिवस ज्या गाडीचे चित्र काढतो तिच्यातून, त्याच वेळेला, जाऊन बघा. मग दुसऱ्या दिवशी चित्र काढा. चित्र बदलते की नाही ते तुमचे तुम्हीच ठरवा.

एक शंका राहते, ती आम्ही आधीच उचलतो. कोणी म्हणेल, सर, माणूस जरा विरंगुळा म्हणून फुले आणि गाड्या बघतो. त्यात कांट, बुलो आणि पाटणकर कशाला घुसवता? उत्तर असे, की विरंगुळ्यातच माणसाची बघायची सवय घडते. 1896 च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची चित्रे दाखवली गेली, त्यात स्टेशनात येणाऱ्या गाडीचे चित्र होते. तेव्हापासून आपण गाडीचे चित्र बघतो आहोत. आणि गाडी बघायला लागून त्याच्याही आधी 43 वर्षे झाली होती. इतक्या दिवसांत आपले बघणे आपोआप शहाणे झालेले नाही. ज्या शहराला आपली लोकल फक्त सुंदर दिसू लागते ते शहर तिच्या दाराची मागणी पुढे ढकलू शकते. आणि ज्या शहराला ती फक्त भयंकर दिसते ते तिच्यावर प्रेम करायचे विसरते, आणि ज्यावर प्रेम नाही त्याची दुरुस्ती कोण करतो? दोन्ही डोळे उघडे हवेत. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे तर शाळेतले विज्ञान आहे.

येत्या वसंतात ज्यांना जमेल त्यांनी कळव्याच्या फलाटाच्या टोकाला, पिवळ्या पट्टीच्या आत, जरूर उभे राहावे. संध्याकाळच्या परतीच्या गाड्या बघाव्यात. आता प्रश्न असतील तर घेऊ. पण थोडक्यात विचारा, काही जणांना गाडी गाठायची आहे.